टोपलीखालचं पीठ आणि टायरमधली पुंगळी

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर मी वाचायला येते, विश्वास ठेवायला नाही. इथले बरेच अनुभव वाचून मी मनातल्या मनात प्रश्न काढत बसते... लाईट होती का, साक्षीदार कोण, याने आधी काय खाल्लं होतं? धुळ्यात बरीच वर्षं क्राईम रिपोर्टिंग करतेय. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, दोन्ही बाजूंचे नातेवाईक, याच क्रमाने माझं काम चालतं. त्यामुळे आज मी स्वतः लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

सोनगीरच्या अलीकडचं, हायवेला लागून असलेलं एक गाव. नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदललीत. तिथे पंकजचं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढणे, हवा भरणे, जुने टायर घेणे-देणे. शेजारीच त्याचा लहानपणापासूनचा मित्र भूषण याचं गॅरेज. दिवाळीनंतर एका भर दुपारी, आसपासची माणसं जेवायला गेलेली असताना, पंकजवर गोळी झाडली गेली. गोळी छातीतून आरपार गेली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. मारणारा कोणी पाहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी भूषणला उचललं. कारण सरळ होतं. भूषणने कमरेला गावठी कट्टा लावून रील टाकली होती. आमच्याकडे हे खूळ फार आहे. राज्याच्या सीमेपलीकडून कट्टा आणायचा, तो दाखवत गाण्यावर चालायचं आणि स्वतःला भाई म्हणवून घ्यायचं. खुनाच्या आदल्या दिवशी पंकजने त्याला चौकात सगळ्यांदेखत थोबाडीत मारून "आधी ते डिलीट कर" म्हणून सुनावलं होतं. कट्टा गॅरेजमधून मिळाला. मग नेहमीचा फोटो आला — टेबलावर कट्टा, मागे छाती काढून उभं पथक, मधे तोंडाला काळा कपडा बांधलेला भूषण. 'चोवीस तासांत छडा.'

आता माझं मत. असा फोटो एकदा निघाला की तपास तिथेच थांबतो. वरून शाबासकी येते आणि जागेवर पुन्हा कोणी फिरकत नाही. हे मी अनेकदा लिहिलंय, पुढेही लिहीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पंकजच्या घरी गेले. आई, सुमनअक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, भूषणले सोडा म्हना. दोन्ही पोरे मना घरमा एकच ताटमा जेवेत. तो मना पोऱ्याले मारावच नही."

मयताच्या आईनेच आरोपीची बाजू घ्यावी, हे फार क्वचित दिसतं. मी लिहून घेतलं. पण आईच्या खात्रीवर खुनाचं कलम निघत नाही, हेही त्यांना सांगितलं.

कोपऱ्यात, जिथे पंकजला ठेवलं होतं तिथे, दिवा तेवत होता. शेजारी टोपली पालथी घातलेली, वर दगड. बऱ्याच जणांना ही पद्धत माहीत असेल. माणूस गेला की दिव्याजवळ ताटात पीठ चाळून सपाट करतात, वर टोपली झाकतात. नंतर टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघतात... पाखराचं पाऊल, गाईचा खूर. त्यावरून गेलेल्याचा पुढचा जन्म ओळखतात. मी आजवर अशी दोन-तीन ताटं पाहिलीत. पीठ थोडं खचतं, मुंगी फिरते, बाकी ज्याला जे बघायचं ते दिसतं.

पंकजच्या आत्याने, हौसाअक्काने, दगड बाजूला केला आणि टोपली उचलली.

पीठ काचेसारखं सपाट. बरोबर मधोमध एकच खूण. गोल, बोटाच्या पेरापेक्षा लहान.

"रुपया ठेवा का व कोन्ही?" एक बाई म्हणाली.

"रुपया इतला बारीक ऱ्हास का? पाखरूनी चोच शे ती."

"चोच गोल ऱ्हास का? तुनी ऱ्हाई!"

त्या घरातही दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग हौसाअक्का माझ्याकडे वळल्या. "ओ पेपरवाली बाई, तुले लिखता येस ना? मंग हाई वाच."

मी वाकले. कडेने एक बारीक कड, आत गोल चकती आणि त्या चकतीत पिठाचा एक उंचवटा, तिळाएवढा. तो मध्यावर नव्हता, किंचित डावीकडे होता.

मंडळी, तो आकार मी ओळखला. जप्तीच्या फोटोंमध्ये शेकडो वेळा पाहिलाय. गोळी सुटल्यावर मागे जे रिकामं पितळी नळकांडं उरतं, ज्याला पोलीस पुंगळी म्हणतात, त्याचा तो तळ होता. तळावर पिस्तुलाच्या पिनने खड्डा पडतो. असा तळ पिठावर दाबला, तर खड्ड्याच्या जागी पीठ वर येणारच.

"काय शे?" सुमनअक्कांनी विचारलं.

"नाही समजत," मी म्हणाले. दुखवट्याच्या घरात मी मोबाईल काढत नाही, त्यामुळे फोटो घेतला नाही. पीठ गोळा करून नदीला न्यायला ठेवलं गेलं.

गाडीत बसल्यावर मी स्वतःची उलटतपासणी घेतली. कोणी मुद्दाम दाबलं? टोपली झाकल्यापासून सुमनअक्का तिथून हलल्या नव्हत्या. बाटलीचं बूच, पेनचं टोपण? ते मी नंतर घरी कणकेवर दाबून पाहिलं, तसं काही उमटत नाही. पण गाडीतच दुसरा, माझ्या कामाचा प्रश्न डोक्यात आला होता. एकनळी कट्ट्यातून पुंगळी आपोआप पडत नाही, हाताने काढावी लागते. मॅगझिनच्या पिस्तुलातून मात्र ती उडून बाहेर पडते. दुकानात पुंगळी सापडली, तर हत्यार भूषणचं नाही.

मी थेट पोलीस ठाण्यात गेले. तपास अधिकारी ओळखीचे होते.

"साहेब, जागेवर पुंगळी शोधली?"

"मॅडम, कट्टा आहे तो. पुंगळी पडेल कशी?"

"कट्टा होता हे आधी ठरवलंत, म्हणून शोधली नाही. बरोबर?"

"आता तपास तुम्ही शिकवणार?"

"छे. मी फक्त पंचनामा वाचला. 'पुंगळीचा शोध घेतला, मिळून आली नाही' हे वाक्य त्यात नाही. उद्या मी एवढंच छापते, की ते वाक्य नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, चहा बाजूला सारला. "ओ हवालदार, दोन पंच घ्या. मॅडमचं समाधान करून या. आणि येताना माझ्या गाडीचीही हवा बघा, टायरचंच दुकान आहे."

सील काढून दुकान उघडलं. फरशी, हवेची टाकी, काउंटर... काही नाही. हवालदार वैतागले. मी म्हणाले, "टायर राहिलेत." मागच्या भिंतीला ट्रकच्या जुन्या टायरांची चळत होती. ते एकेक उचलून झटकू लागले. खालून दुसऱ्या टायरमध्ये गढूळ पाणी साचलं होतं. ते ओतलं, तर चिखलासोबत काहीतरी टणकन फरशीवर पडलं.

पुंगळी.

पंचांसमोर ती कागदावर ठेवली. मी जवळ जाऊन तळ पाहिला. पिनचा खड्डा मध्यावर नव्हता, एका बाजूला होता.

पिठातला तो तिळाएवढा उंचवटाही असाच एका बाजूला होता.

पुढचं पेपरात आलंच. पुंगळी भूषणच्या कट्ट्यातली नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. पोलिसांनी पुन्हा कंबर कसली — त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं — आणि पिस्तुलासह दुसराच माणूस पकडला. खटला सुरू आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. भूषणवरचं खुनाचं कलम निघालं. बेकायदा कट्ट्याची केस कायम आहे, आणि ती त्याने भोगावी असंच मला वाटतं.

प्रेस नोटमध्ये 'गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीनुसार' असं होतं. साहेबांनी नंतर फोन करून विचारलं, "खरं सांगा, सोर्स कोण?" मी म्हणाले, "पत्रकार सोर्स सांगत नाहीत." काय सांगणार होते? कणिक?

भूषण सुटला त्या दिवशी सुमनअक्कांकडे गेला. मीही गेले होते. तो उंबऱ्याशीच उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत होईना. अक्का म्हणाल्या, "उभा काय ऱ्हायना? हात धू. ताट वाढेल शे." तो जेवत असताना मी पहिल्यांदाच त्यांना त्या खुणेचा अर्थ सांगितला.

त्यांना जराही नवल वाटलं नाही. भूषणच्या ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "मंग त्यानी अजून पुढला जनम लिधाच नही. आधी याले सोडाडाले उना."

आधी मित्राला सोडवायला आला... माझ्याकडे याहून बरं स्पष्टीकरण नाही. पुंगळी बंद दुकानातल्या टायरमध्ये, चिखलात पडली होती. तिचा तळ कोणी पाहिलेला नव्हता. आणि तो दोन किलोमीटरवरच्या घरात, झाकलेल्या पिठावर उमटला. सगळ्या शक्यता मी पुन्हा पुन्हा तपासल्या, एकही टिकत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचली तर जरूर लिहा... पण आधी सांगते, मी उलटे प्रश्न विचारीन.