पडलेल्या माणसाचा हात

बबनभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते चार नंबरच्या खोलीत, फरशीवर उताणे पडलेले. मी किंचाळलेच. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "सिष्टर, वरडू नका. मी पडून बघतोय," म्हणाले. मग डाव्या कुशीवर वळून उजवा हात भिंतीकडे ताणला, बोटं टेकली तिथे खडूने खूण केली आणि गुडघे धरत उठून बसले. "उभ्या माणसाचं काय, त्याला पाय हायेत, तोंड हाय. पडलेल्याचा हात कुठवर जातो ते बघाया पायजे."

लेण्याद्रीच्या रस्त्याला जुन्नरच्या एका व्यापारी कुटुंबाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दहा खोल्या बांधल्या होत्या. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन तिथे देखरेखीला लागले होते. वृद्धाश्रम हा शब्द तिथे कुणाला खपत नसे. ज्याची त्याची चूल वेगळी, ज्याच्या त्याच्या दाराला आतून कडी. त्या कडीचीच मला धास्ती वाटे. रोज सकाळी मी दहाही दारं वाजवून बघे, पण एरवी आत कुणी पडलं तर कळणार कसं?

त्यावर तोड सात नंबरमध्ये राहायला आलेल्या बबनभाऊंनी काढली. टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. त्यांनी प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेकडेने, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कड्यांतून नायलॉनची दोरी फिरवली. न्हाणीतही. ती कुठेही ओढली की माझ्या ऑफिसात घंटी वाजायची आणि फळीवर त्या खोलीचा दिवा लागायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत अडू नये म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडलेली. दोन नंबरचे गुरुजी दिवसातून तीनदा चुकून दोरीत पाय अडकवायचे आणि तिन्ही वेळा बबनभाऊ धापा टाकत हजर. मी वैतागले की म्हणायचे, "वाजली ना? म्हंजी चालू हाय." पुढे हेच गुरुजी न्हाणीत घसरले. पायाच्या अंगठ्याने त्यांनी दोरी ओढली, आणि दोन मिनिटांत आम्ही पोचलो.

त्या संध्याकाळी बबनभाऊ पायरीवर बसून होते. मी चहा दिला. तेव्हा ते बायकोविषयी पहिल्यांदा आणि शेवटचं बोलले.

"पेठ गावाला घर व्हतं. खात्याचा फोन मीच लावलेला, उंच फळीवर. शेजारची पोरं त्याच्याशी खेळत्यात म्हणून. त्या दिशी वादळानं खांब पडले व्हते. मी सकाळीच भाईर. दुपारी खांबावरनं घरी फोन लावला, उशीर हुईल सांगाया. वाजला, वाजला, कुणी घेईना. मला वाटलं, शेजारी गेली आसंल. सांजच्याला आलो तर सैपाकघरात पडलेली. मांडी मोडलेली. अकरा दिस जगली. म्हणाली, वाजत व्हता, मला समजत व्हतं तुमीच हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "लई वाजू दिला व्हता मी, सिष्टर."

सहा नंबरमध्ये निमगाव साव्याच्या सोनाबाई होत्या. अंगाने काटकुळ्या, कुणाला हाक मारायची तरी संकोच. एका बाजाराच्या दिवशी झाडणारी आली नाही म्हणून त्यांची फरशी मीच धुतली. दोरी सारखी खराट्यात अडकत होती. मी ती कड्यांतून काढून गोळा केली आणि खिडकीच्या गजाला गाठ मारून टांगली. फरशी वाळली की सोडायची. तेवढ्यात जुन्नरला जाणारी जीप आली आणि मी बाजाराला गेले.

परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळ्यांच्या चहाची भांडी वाजत होती. सोनाबाईंचं दार बंद होतं. बबनभाऊंनी कडी तोडली. त्या जेवणानंतर उठताना पडल्या असाव्यात. भिंतीच्या चुन्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नखांच्या रेघा उमटल्या होत्या. जिथे दोरी असायची तिथेच त्या चाचपडत राहिल्या होत्या.

मी त्यांची नाडी बघत होते. मान वर केली तर बबनभाऊ खिडकीशी उभे होते. त्यांनी गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गाठ सोडली आणि दोरी पुन्हा कड्यांत ओवली.

सोनाबाई सहाव्या दिवशी दवाखान्यातच वारल्या. त्यांचा मुलगा वसाहतीत आला तो थेट अंगणात उभा राहून ओरडायला लागला. "घंटी व्हती ना? मग माझी आय चार तास तडफडली कशी?"

मी तोंड उघडणार, तोच बबनभाऊ पुढे झाले. "घंटी बिघडली व्हती. मी तपासली न्हाई. चूक माझी हाय."

मुलाने त्यांच्या थोबाडीत मारली. सगळ्यांच्या देखत, सत्तरीच्या माणसाला. चष्मा खाली पडला. बबनभाऊंनी वाकून तो उचलला. मी तिथेच होते आणि गप्प होते.

महिन्याभरात मालकांनी पुण्याहून नवी यंत्रं आणवली, गळ्यात अडकवायची बटणं. निम्म्या जणांनी ती देवाच्या फोटोशेजारी टांगून ठेवली. बबनभाऊंनी आपल्या हाताने दहाही खोल्यांतल्या दोऱ्या उतरवल्या, नीट गुंडाळल्या आणि पेठला पुतण्याकडे राहायला गेले. निघताना मला म्हणाले, "बटणं गळ्यात हायेत का, रोज बघत जावा."

पुढच्या वर्षी ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. खाटेवर फक्त हाडं उरली होती. मी रडत म्हटलं, "भाऊ, गाठ माझी होती."

"मला ठावं हाय. तिथं उभा व्हतो की मी."

"मग का घेतलंत अंगावर?"

"तुमाला काढलं आसतं. तुमी रोज सकाळी धा दारं वाजविता. मला काढलं तर दोऱ्या जात्यात, तुमाला काढलं तर दार कोण वाजवणार?" त्यांना दम लागला. "मी हाय तवर बोलू नका कुणाला."

मी त्यांचा शब्द पाळला. खरं सांगायचं तर तो मला सोयीचाही होता.

ते गेल्यावर, तेरावा झाला त्याच दिवशी, मी निमगाव साव्याला गेले. सोनाबाईंचा मुलगा शेतात कांदा निवडत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खराटा, खिडकीचा गज, गाठ, जीप. मला वाटलं, आता मला मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्याने हात झटकले आणि उठून उभा राहिला.

"कुठं असत्यात ते बाबा? पेठला ना? उद्याच जातो, सिष्टर. पाय धरतो त्यांचं."

तो पायात चप्पल सरकवत होता. मला त्याला सांगावं लागलं.