लग ओढून पाह्यणारा माणूस

मित्रहो, मी लाइनमन. आज दुपारी किन्हीराजाच्या शिवारात एका डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर, लग जळलं. केबलच्या टोकाले धातूची टोपी दाबून बसवतात अन् मंग ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टावर कसतात, ते लग.

सबस्टेशनवरून लाइन बंद करून घेतली, अर्थिंग लावलं. लग कापून पाह्यतो, तर आत केबलच्या चार तारा छाटलेल्या! लहान लगात केबल मावावी म्हणून. असं लग तापणारच. मी शिवी हासडली.

मंग त्याच्याखालची पिवळी टेप दिसली. तिचा तो तिरपा वेढा माझ्याच हातचा. दोन महिन्याआधी घाईत हे लग मीच बसवलं होतं, एकट्यानं.

त्याच्या आधी पंधरा वर्षं गजाननकाका जोडीले होते. मी लग दाबायचं, त्यांनी केबल जोरानं ओढून पाह्यची. "बस, पक्कं हाये," असं ते म्हणेपर्यंत बोल्ट कसायचा नाही. छाटलेल्या तारा त्यांच्या नजरेतून सुटल्याच नसत्या. आता काका रिटायर होऊन पोराकडं पुण्याले गेले.

ज्याची मोटार बंद पडली होती तो शेतकरी म्हणे, "भाऊ, आजच्या दिवस तसंच लहान लग बसवून द्या ना." मी नाही म्हणलं. आमच्या तालुक्याच्या मालेगावहून बराबर मापाचं लग आणलं, तारा घासल्या, लग दाबलं. अन् सवयीनं बोललो, "काका, ओढा."

मागं कोणी नव्हतं. मीच ओढलं. हाललं नाही.

बोल्ट कसला, अर्थिंग काढलं, लाइन चालू करून घेतली. मोटार सुरू झाली, शेतकरी खुश होऊन गेला. मी डीपीखाली उभाच.

तुमचं काम ओढून पाह्यणारं कोणी हाये का तुमच्याजवळ?