मयतीचं बटण

गौरम्माला कुणी विचारलं, "अव्वा, काय काम करता?" तर ती म्हणायची, "मी कंपनीत हाय." आणि आता पुढचं विचारू नका अशा बेतानं पदर खोचायची. कारण पुढचं तिलाच धड ठाऊक नव्हतं. गळ्यातल्या पट्ट्याला लटकलेल्या कार्डावर तिचा हुद्दा इंग्रजीत छापला होता. त्याचा अर्थ ‘गिऱ्हाइकाला आनंदी करणारी’ असा होतो, हे ऑफिसातल्या मन्मथनं सांगितल्या दिवसापासून ती ते कार्ड पदराखालीच ठेवायला लागली. चोपन्न वर्षांची बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, लिंगपूजा केल्याशिवाय सकाळी पाण्याचा घोटसुद्धा न घेणारी, आणि म्हणे गिऱ्हाइकाला आनंदी करणारी! काय बोलावं आता?

कंपनीचं नाव ‘कळशी’. साल दोन हजार सोळा, आणि लातुरातला तो उन्हाळा. नळाला पाणी आलं तर पाहुण्यारावळ्यांना फोन करून सांगावं असे दिवस होते. रेल्वेनं पाणी येत होतं आणि लोक रुळाकडं देव यावा तसे बघत होते. त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच बसवराजनं ही कंपनी काढली होती. मोबाइलवर बोट दाबायचं, टँकर दारात. बसवराज इथल्याच एका आडत्याचा पोरगा. सहा वर्षं बेंगळुरूला राहून आला होता आणि येताना तिथली बोली बरोबर घेऊन आला होता. जानेवारीत कंपनीत पाच माणसं होती, मे महिन्यात त्रेसष्ट. सोमवारी लागलेला माणूस गुरुवारी जुना होऊन नव्याला काम शिकवायचा. माणसं वाढतील तसं गौरम्माचं टेबल सरकत गेलं. आधी हॉलमध्ये होतं, मग गॅलरीत गेलं, मग जिन्याखाली, झाडूच्या शेजारी. हॉलमध्ये आता पोत्यासारख्या मऊ गाद्या आल्या होत्या. गौरम्मा एकदा त्यावर बसली, तर उठवायला दोन इंजिनियर लागले.

ऑफिसचा एक नियम होता. कुणी कुणाला सर म्हणायचं नाही, काकू म्हणायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं. म्हणून सत्तावीस वर्षांचा बसवराज तिला खुशाल "गौरम्मा" म्हणायचा आणि ती त्याला "बसवराजअप्पा" म्हणायची. पुण्याहून आलेल्या केतकीनं तिला दोनदा समजावलं. केतकीकडं माणसांची भरती, कागदपत्रं आणि वाढदिवसाचे केक असं खातं होतं. गौरम्मा म्हणाली, "पोरी, मालकाला नुसत्या नावानं हाका मारायला मी काय त्याची आजी हाय?" केतकीनं नाद सोडला.

तिची भरती झाली ती भांडणातून. जानेवारीत तिनं पुतण्याच्या मोबाइलवरून टँकर मागवला आणि तो गेला भलत्याच गल्लीत. गौरम्मा तरातरा कंपनीत आली. कुठला टँकर, कुणाचा, कोणत्या बोळात अडकतो, कोणत्या वळणावर ड्रायव्हर चहाला थांबतो आणि कोणतं घर दोन वेळा पाणी घेऊन नाही म्हणतं, असं तिनं उभ्या उभ्या बसवराजला पाऊण तास सुनावलं. तो हात जोडून म्हणाला, "उद्यापासून येता का?"

ती आली. फोन उचलायला लागली, ड्रायव्हरांना सांगायला लागली आणि गुपचूप तीच कंपनी चालवायला लागली. मोबाइलवर बोट दाबलं की टँकर येतो, असं सारं शहर समजत होतं. खरं म्हणजे बोट दाबलं की जिन्याखाली गौरम्माचा फोन वाजायचा. तिचा हिशेब सरळ होता. मयतीच्या घराला पहिलं पाणी. मग बाळंतिणीचं घर, मग लग्नाचं, मग बाकीची दुनिया. मयत झाल्याचं तिला कुणी सांगावं लागायचं नाही. चाळीस वर्षं एका शहरात काढलेल्या बाईला ते कळतंच.

पण एक गोष्ट तिला आतून खात होती. त्रेसष्टातल्या बासष्ट जणांना नेमणुकीचं पत्र होतं, तिला नव्हतं. विचारलं की बसवराज हसून म्हणायचा, "तुम्ही घरच्या. तुम्हाला कशाला कागद?"

हे वाक्य तिनं आधी एकदा ऐकलं होतं. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा गौरम्मा वीस वर्षांची होती, मॅट्रिक पास. नव्या जिल्ह्यात रोज एक पाटी लागायची, रोज एक साहेब उतरायचा. अशाच एका नव्या कचेरीत ती रोजंदारीवर टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर म्हणून बसली. कानाला यंत्र, हातात वायरी. या भोकातली काढ, त्या भोकात घाल. सारा नवा जिल्हा तिच्या हातून बोलायचा. कोणत्या साहेबाचा आवाज कोणत्या दिवशी चढतो, हे त्याच्या बायकोआधी तिला कळायचं. आठ वर्षं तिनं बोर्ड सांभाळला. मग आपोआप फोन जोडणारं मशीन आलं. साहेब म्हणाले, "बाई, नेमणुकीचा कागद असंल तर दाखवा, दुसरीकडं घेतो." कागद कुठला? तिथंही ती घरचीच होती ना! त्या दिवशी ती घरी येऊन चुलीपुढं बसली आणि रडली. म्हणून आता तिला पत्र पाहिजे होतं. पगार वाढवू नका, टेबल हलवा, झाडूशेजारी बसवा, पण कागद द्या.

मे महिन्यात बेंगळुरूहून पाहुणे यायचं ठरलं. कंपनीत पैसा घालणारे पाहुणे. बसवराजच्या तोंडचं पाणी पळालं, कारण पाहुण्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं की इथं सगळं मशीन करतं. मग मन्मथ तिच्याजवळ स्टूल टाकून बसला. उदगीरचा पोरगा, प्रोग्रॅम लिहिणारा, मुखदुर्बळ. तीन दिवस तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. कोणता बोळ अरुंद, कोणती गल्ली उताराची, कोणता ड्रायव्हर गुरुवारी उपास करून चिडचिडतो. हा पोरगा आपलंच काम आपल्या तोंडून काढून मशीनमध्ये भरतोय, हे न कळायला ती काय खुळी होती? पण विचारलेलं शिकवायचं नाही, हे तिच्या रक्तात नव्हतं.

"अव्वा, मयतीचं मशीनला कसं कळायचं? मी मोबाइलवर एक बटण ठेवतो," मन्मथ म्हणाला.

"बटण ठेवू नकोस, लेकरा. मयत इचारायची नसती, कळायची असती."

"मशीनला कळत न्हाई ना पण."

"मग मशीनला कशाला बसवूलालाव माझ्या जागी?"

मन्मथनं स्टूल उचललं. पण बटण ठेवलं.

शनिवारी केतकीच्या टेबलावर गौरम्मानं एक पांढरं पाकीट पाहिलं. वर तिचं नाव, छापलेलं. तिच्या काळजात लख्ख झालं. तेवढ्यात बसवराज आला. "गौरम्मा, सोमवारी तुम्ही फक्त बसायचं. फोनला हात लावायचा नाही. पाहुण्यांना मशीन दिसलं पाहिजे, माणूस नाही. ते गेले की तुमचं काम करून टाकू." गौरम्मानं पाकिटाकडं पाहिलं आणि मान डोलावली. बोर्डावर बसलेल्या बाईला गप्प बसणं काय अवघड? रविवारी तिनं पत्र ठेवायला ट्रंकेतली जुनी पिशवी धुऊन वाळत घातली. धुतली म्हणजे काय, वाटीभर पाण्यात बुचकळली.

सोमवारी साडेनवाला पाहुणे आले, एक बाई आणि एक बाप्या. मऊ पोत्यांवर बसले, म्हणजे रुतले. भिंतीवर लातूरचा नकाशा झळकला. निळे ठिपके म्हणजे टँकर, काळा ठिपका म्हणजे मयतीचं घर.

पहिला काळा ठिपका उमटला. पाहुण्यांनी हळहळल्यासारखं केलं. मग दुसरा, मग पाच, मग बावीस. मयतीला आधी पाणी मिळतंय, ही बातमी रविवारभर मोबाइलवरून घरोघर फिरली होती. लातूरकर एरवी मरणाला भितो, पण टँकरसाठी मरायला त्याची हरकत नव्हती. दहा वाजेपर्यंत एकशे सत्तेचाळीस मयती झाल्या. एका गल्लीत तर सलग अकरा घरं. पाहुणी बाई नाकाला रुमाल लावून विचारती झाली, "शहरात कसली साथ आहे का?"

मन्मथनं घाईघाईनं एका घरी फोन लावला.

"तुमच्याकडं मयत झालीय का?"

"हाव."

"कोण वारलं?"

"मीच की. टँकर कवा येतंय?"

जिन्याखाली गौरम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. फोन उलटा ठेवून, हात मांडीखाली दाबून बसली होती बिचारी. तेवढ्यात तो थरथरला. नाव भुजंगचं. तिचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, अहमदपूरकडचा. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं, केतकीच्या टेबलावरच्या पाकिटाकडं पाहिलं. फोन थांबला. परत वाजला. ह्या माणसाला दोनदा फोन करायची सवय नाही. तिनं उचलला.

"अव्वा, तुमच्या मागल्या गल्लीतली नागुबाई गेली सकाळी, तुमी निघाल्यावर. मानसं गाडीला आडवी आलीत. आंघोळ घालायला घागरभर पाणी न्हाई. अन् मशीन मला म्हणूलालंय बायपासच्या बंगल्यावर जा, तिथं मयत हाय. काय करू?"

नागुबाईच्या घरी साधासुद्धा मोबाइल नव्हता. बटण कुठनं दाबणार? एकशे सत्तेचाळीस मयतींच्या गर्दीत नागुबाईची खरी मयत नकाशावर नव्हतीच.

गौरम्मानं स्वतःला बजावलं. एवढा तास-दीड तास, म्हातारे, तोंड मिटून बस, की जन्माचा कागद हातात! पण नागुबाईनं तिच्या दोन्ही बाळंतपणांत डोक्यावरून पाणी आणलं होतं. "भुजंगा, रिकामी कर तिथंच. बंगल्याचं मी बघती," असं म्हणून ती उठली आणि सरळ पाहुण्यांच्या पुढनं हॉलमध्ये गेली. मन्मथच्या हातातनं यादी घेतली. पहिला नंबर बायपासच्या बंगल्याचा.

"शरणार्थ, अप्पा. लई वाईट झालं. कोण गेलं?"

"वडील," पलीकडून खोल आवाज आला.

"अरारारा. कवा उचलायचे? खांद्याला मानसं धाडती, भावकीला सांगावा देती. खड्डा खणायला सांगिटलाव का? मी सांगू?"

पलीकडचा आवाज एकदम चढला. "न्हाई न्हाई, अव्वा! सांगावा देऊ नका! तसं... त्यास्नी जरा बरं वाटूलालंय आता." मागून म्हातारा कडाडला, "कुणाला खड्डा खणूलालास रे, भाड्या?"

नकाशावरचा काळा ठिपका विझला.

खोटी मयत नोंदवणं एक, पण जित्या माणसाचा सांगावा भावकीत फिरणं म्हणजे फार वंगाळ. तेवढी जीभ कुणाची रेटेना. सहा-सात फोन झाले, सहा-सात ठिपके विझले. मग बसवराजनं न बोलता स्वतःचा फोन काढला. केतकीनं काढला, सगळ्या हॉलनं काढला. पुण्या-बेंगळुरूच्या बोलीतली पोरं एका सुरात विचारायला लागली, "कधी उचलायचे? खांद्याला किती माणसं पाठवू?" अर्ध्या तासात शहरात बोभाटा झाला की कंपनी तिरडीची माणसं पाठवतेय. लोक आपणहून जिवंत व्हायला लागले. शेवटी नकाशावर चार ठिपके राहिले. चारही खरे. पाचवा मन्मथनं आपल्या हातानं मागल्या गल्लीत उमटवला.

पाहुणे खूश. पाहुण्या बाईनं विचारलं, "ही खातरजमा करायची पद्धत तुम्ही कुठून आणली?" बसवराज गौरम्माकडं बघत म्हणाला, "इथलीच आहे."

दुपारी पाहुणे गेले. गौरम्मा पिशवी घेऊन निघाली, नागुबाईच्या दारात जायला. बसवराजकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. हुकूम मोडला होता. कागद गेला, हे तिनं धरूनच टाकलं होतं. एवढ्यात केतकी आली, एका हातात केक, एका हातात पांढरं पाकीट. सकाळच्या धांदलीत तिला ‘थांब’ म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि केतकी कामाची पक्की. केकवर मलईनं लिहिलं होतं, ‘गौरम्मा, पुढच्या प्रवासाला शुभेच्छा’.

गौरम्मानं केक वाचला. मग पाकीट फोडून पत्र वाचलं. कामाबद्दल आभार होते आणि आजपासून मोकळी केल्याचं होतं. ज्या कागदासाठी तिनं सकाळी हात मांडीखाली दाबून धरले होते, तो हा होता. मन्मथ रडायलाच आला होता.

"आज सकाळपासनं इतकी मेलेली मानसं उठवली मी," गौरम्मा म्हणाली, "आता मला कोण उठवणार, अप्पा?"

बसवराज पुढं आला. तिच्या हातातलं पत्र घेऊन त्यानं फाडलं, नंतर नकळत केकवरही पंजा फिरवला आणि ती सगळी अक्षरं पुसून टाकली. त्याचा हात मलईनं भरला होता. तशाच हातानं तो केतकीच्या खुर्चीत बसला आणि मशीनवर नवा कागद उघडला.

"काकू," तो म्हणाला. नियम त्याचाच, मोडलाही त्यानंच. "चुकलो मी. आत्ताच्या आत्ता लिहितो. हुद्दा काय लिहू? तुम्ही सांगाल तो. मॅनेजर लिहू?"

गौरम्मानं गळ्यातलं ते आनंदी करणारं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डोळे पुसले.

"ऑपरेटर लिही," ती म्हणाली. "अन् लवकर छाप. नागुबाईला उचलायची येळ झाली."