डिस्कवर कोण लिहितंय?

कॉम्प्युटर उघडण्याआधी तो त्याच्या डब्यावर तळहात ठेवायचा. पोराला ताप आहे का बघावं, तसा. डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "कुणी हात लावू नका. आधी ऐकू द्या." तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरचं काय ऐकायचं? मीही तेच म्हणालो होतो, जरा वाईट शब्दांत.

बुधवार पेठेत एका जिन्याखाली त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला उभं राहण्यापुरती जागा. मी चौथी शिकलेला, जन्म लेथवर गेला. कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही बसा, मी उठते." बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत तिने कॉम्प्युटर आणला आणि लोकांना लग्नपत्रिका टाइप करून द्यायला लागली. तो कॉम्प्युटर यानेच जुळवलेला. तो चालवायला आत लिनक्स घातलं. सगळ्यांकडे असतं ते घाल म्हटलं, तर म्हणाला, "ते महाग आहे, आणि चोरीचं मी बसवत नाही. हे फुकट आहे. शिव्या घालायच्या तर मला घाला, काकू."

तिने घातल्या, आणि शिकलीही. दुरुस्तीला आला की ती त्याला पाटावर बसवायची. "जेवून आलोय," असं म्हणत म्हणत तो पोळ्या संपवायचा.

मग ती गेली. सकाळी पत्रिका टाइप करत होती, संध्याकाळी दवाखान्यात संपलं. यावर जास्त लिहीत नाही.

मी मात्र रोज सकाळी तिचा कॉम्प्युटर चालू करायचो. मला त्यातलं काही येत नाही. ती करायची म्हणून. असाच शेजारी बसलो असताना एकदा ऐकलं. कुरकुर. थांबलं. जरा वेळाने पुन्हा कुरकुर, आणि पुढचा लाल दिवा लुकलुकला. ती काम करत असताना असाच आवाज यायचा.

भूतबित मी मानत नाही. पण त्याला बोलवायला निघालो तो दाराला कुलूप न लावताच, खोटं कशाला बोलू.

तो आला. तळहात ठेवला. ऐकलं.

"काका, डिस्कवर कोणीतरी लिहितंय. काम साठतं त्या तबकडीवर."

"कोण?"

"तेच बघू. आत गुपचूप लिहिणारे पुष्कळ असतात."

त्याने आत एका प्रोग्रॅमचा पहारा बसवला. जो लिहील त्याचं नाव टिपायचं. झालं, कुरकुर थांबेचना. पडद्याकडे बघता बघता त्याने कपाळावर हात मारला. "पहारेकरीच लिहितोय! नावं टिपतोय ती त्याच डिस्कवर, आणि ती टिपली म्हणून पुन्हा स्वतःचं नाव टिपतोय."

"म्हणजे पोलिसानेच चोरी केली."

"आणि तक्रारही स्वतःच लिहून घेतली."

आम्ही हसलो. ती गेल्यावर त्या खोलीत पहिल्यांदाच.

मग त्याने नावं डिस्कवर न लिहिता नुसती पडद्यावर दाखवायला लावली. एकेकाला धरला, सोडला. मी चहा करून आणला, तर हा एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलेला.

"सापडला?"

"सापडला."

"कोण?"

"मीच."

फार पूर्वी एकदा ऐन कामात दिवे गेले होते आणि तिची सगळी पत्रिका पुसली गेली होती. तिने याला फैलावर घेतलं. तेव्हा याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला, की थोड्या थोड्या वेळाने काकूंच्या कामाची आपोआप नक्कल निघावी. आणि विसरून गेला.

"पण ती आता कुठे टाइप करते? मग नक्कल कसली काढतोय?"

"आहे तेच. नवीन काही आहे का, ते बघायला मी त्याला शिकवलंच नाही. तेच ते पुन्हा लिहितो."

मी कुठल्या उत्तराची वाट बघत होतो, ते तुम्हाला कळलंच असेल. ते माझ्याकडून लिहवून घेऊ नका.

"बंद करू?" त्याने विचारलं. बोट बटणावर ठेवलं आणि पुन्हा उचललं. "एकच ओळ आहे, काका. पुसली की झालं. पण काकूंनी सांगून करून घेतलंय. त्यांना न विचारता..."

"विचार मग," मी म्हणालो. माझं तोंड असंच आहे.

तो रडला. चांगला बाप्या माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. चहा गार झाला. ती ओळ त्याने तशीच ठेवली. जाताना चपला घालत म्हणाला, "डिस्क जुनी आहे. झिजेल, आणि आपोआप थांबेल."

थांबली. एका दुपारी मोठ्याने करकरली आणि थांबली.

त्याला सांगावं म्हणून बस पकडून गेलो. जिन्याखाली मोबाइलची कव्हरं टांगलेली. नव्या दुकानदाराने मान वर केली नाही.

"आधीचे ना? ते गेले."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? गेले, आजोबा."

त्याचं काय जायचं वय होतं? इथे मी उरलोय, कशाला ते देवालाच ठाऊक. आमच्या घरात दिवसभर कोण लिहीत होतं, हे माझ्याशिवाय त्या एकट्याला माहीत होतं. आता कुणाला सांगू?

घरी आलो. डब्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. कुणी हात लावू नका म्हणायला घरात कुणी नव्हतंच. बराच वेळ ऐकलं.

डबा गार होता.