विल्सनची लढाई आणि माझा जळफळाट

किस्से केळीसारखे असतात. एक घड कापावा, तर बाजूला चार कोंब उभे! कुवेतच्या लढाईचे तर आमच्याकडे इतके साठलेत, की ती लढाई तिकडे झाली की आमच्या पापडी गावात, असा प्रश्न पडावा. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की क्रुसाच्या ओट्यावर आम्ही तिघं बसायचो. वाडीवाला इनास, विल्सन आणि मी, शाळेत मराठी शिकवणारा. सगळ्या किश्शांचा हीरो मात्र एकटा विल्सन. आधीच कबूल करतो, मी त्याच्यावर जाम जळायचो.

*

विल्सन कुवेतला एसी मेकॅनिक. सुट्टीवर यायचा तो टॅक्सीच्या टपावर खोकी बांधूनच. एकदा व्हीसीआर, एकदा कलर टीव्ही. आणि दहावीला गणिताची उत्तरं ह्याला मी दाखवलेली!

मीही त्याच्याच एजंटकडे जाऊन आलो होतो. माझे कागद बघून एजंट म्हणाला, "मास्तर, तिकडे एसी बिघडतात, व्याकरण नाही!"

*

मग इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. दोन महिने विल्सनची काही खबर नाही. त्याच्या अंगणात रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना व्हायची, पुढे बसून मी म्हणायचो. दर रविवारी फादर वेदीवरून त्याचं नाव घ्यायचे. मी पंधरा वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतोय, माझं नाव कोणी एकदाही घेतलं नाही. हे मी बायकोला, मार्थाला, बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "मग तूही हरवून दाखव!"

*

शेवटी आला बाबा. बसनं बगदाद, मग वाळवंटात तंबू, मग अम्मान, तिथून विमान. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात टॉवेल आणि पासपोर्ट. त्याची बायको रडली, गाव रडलं, मीही रडलो. पण ती पिशवी बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ती लाज फार टिकली नाही. कारण पिशवीवाल्या विल्सनचा भाव खोकीवाल्यापेक्षा वाढला! लग्नात नवऱ्यामुलाआधी ह्याला खुर्ची.

*

जानेवारीत बाँब पडायला लागले. अख्खं गाव विल्सनच्या टीव्हीसमोर. पडद्यावर नुसता धूर. विल्सन बोट दाखवून म्हणाला, "त्या बिल्डिंगचा एसी मी बसवलाय!"

इनासनं विचारलं, "धुरात दिसतो कुठे?"

"मला दिसतो ना!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर आखाताचा झकास नकाशा काढला. मुलं म्हणाली, "सर, विल्सन अंकलना बोलवा ना!"

*

एकदा मीही ओट्यावर माझी लढाई काढली. एकाहत्तर साल, ब्लॅकआऊट, बाबांनी बल्बला गुंडाळलेला काळा कागद. रंगात आलो होतो.

इनासनं जांभई दिली. "ती घरची लढाई रे. इम्पोर्टेड असेल तर सांग!"

*

लढाई संपली. विल्सन इथे लोकांचे फ्रीज दुरुस्त करत फिरू लागला आणि मला त्याच्याबद्दल माया वाटू लागली. तेवढ्यात जुन्या मालकाचं पत्र आलं: लवकर ये, सगळे एसी बंद पडलेत, पगार दुप्पट. जगात शांतता झाली म्हणून वाईट वाटलेला मी एकटाच असेन.

*

निघायच्या आदल्या दिवशी विल्सन आमच्या घरी आला. माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, तू माझ्यासाठी प्रार्थना केलीस म्हणून जिवंत परत आलो. आता जातोय, तर पुन्हा करशील ना?"

त्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं. म्हटलं, "हे काय विचारणं झालं? रोज करीन!"

मार्था पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "नको रे विल्सन, ह्याला नको सांगू! लढाईच्या आधी चार वर्षं हा देवाकडे रोज एकच मागायचा, तू एकदा तरी रिकाम्या हातांनी यावास!"