मेस्तकाकाला फसवायला गेलो आणि...

पात्रांवांनो, म्हणजे बॉस लोकांनो, आज पेडण्यात गॅरेजवाल्या मेस्तकाकाची मस्करी केली.

काल आईच्या मागे बसून तिच्या स्कूटरचे आवाज रेकॉर्ड केले. हॉर्न, ब्रेक, चाकाची खरखर. सॅम्पलर या माझ्या बीट बनवायच्या मशीनवर त्यांचे तुकडे पाडले. बटण दाबलं की मशीन ते तुकडे आपल्या मर्जीने उलटसुलट लावून ड्रमसारखे वाजवते.

आज स्पीकर गॅरेजमागे लपवला आणि ते आवाज वाजवले. काका तीन गाड्यांखाली वाकून बघून आला! मी हसून हसून मेलो.

शेवटी स्पीकर सापडला. "मेल्या, तो खर्र आवाज परत लाव बघू."

तेवढाच तुकडा वाजवला.

"फुडल्या चाकाचा बेरिंग गेला हा. गाडी कोणाची?"

"आईची. म्हापशाच्या बाजारात गेलीय."

"आधी फोन कर तिका!"

आई मासळी घेऊन निघतच होती, फोन आला म्हणून थांबली. काका मला बाइकवर घालून तिकडे गेला. चाक खोललं तर बेरिंगचा चुरा हातात आला.

आई म्हणते, "माका वाटला, रस्तोच वायट."

मीही तो आवाज रोज ऐकायचो, हो.

तुमच्या गाडीचा कुठला आवाज तुम्ही असाच सोडून देता? पाठवा. बीट मी करतो, ऐकायला काका आहे.