कुंकू लावलेला राउटर

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही म्हैसूरचं ऑफिस उघडलं, तर हुणसूरची शाखा नेटवर्कवरून गायब. मी तडक यशस्विनी घोरपडेवर उखडलो. सुट्टीला निघताना, आयुधपूजेसाठी, तिनेच राउटर बंद करून पुसला होता आणि कुंकू लावून पुन्हा चालू केला होता. खंडेनवमी आमच्या सांगलीतही असते, पण चालता राउटर कोणी बंद करत नाही!

यशस्विनी लष्कर मोहल्ल्यात वाढलेली. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. तिचं मराठी निम्मं कानडी, आणि आवाज कधीच चढत नाही.

"अय्यो सर, पूजेनं काय होतंय? बघूया की," म्हणत तिने राउटरमधला मार्गांचा तक्ता उघडला. कुठल्या पत्त्याचं डेटाचं पाकीट कुठे धाडायचं, हे राउटर त्यातच बघतो. त्यात हुणसूरची ओळच नव्हती. वाट सापडेना, म्हणून राउटर तिकडची पाकिटं चक्क टाकून देत होता.

"ही ओळ कोणी घातली होती, सर?"

मीच. जूनमध्ये, स्वतःच्या हाताने. आणि सेव्ह करायला विसरलो होतो; सेव्ह न केलेली ओळ राउटर बंद झाला की पुसली जाते. तेव्हापासून राउटर एकदाही बंद झाला नाही, म्हणून माझी चूक झाकून राहिली.

तिने ओळ पुन्हा घातली, सेव्ह केली, आणि सगळ्यांसमोर प्लग उपटला. तीन मिनिटांनी राउटर उठला आणि हुणसूरने पहिल्याच हाकेला ओ दिली.

तिने कुंकवाची डबी माझ्यापुढे सरकवली. "पुढच्या वर्षी तुम्ही बंद करा, सर."